रीळ नंबर सतरा

४ जून

प्रिय मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू तुझ्या मनाने भरतोस, म्हणून पत्र. मागे मी 'दाढ काढली' म्हटलं तर तू 'झाड पाडलं' ऐकलंस आणि आठवडाभर कुठलं झाड म्हणून हळहळत बसलास. आता सावकाश वाच, चष्मा लावून.

बातमी मोठी आहे. ग्रंथालयाच्या तळघरातले जुने रॅक हलवायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात मागे, फाटक्या नकाशांच्या खाली, काय सापडावं? तुझा चित्रफीत विभाग! तू विद्यापीठ सोडलंस त्या वर्षी त्याला कुलूप लागलं आणि सगळं तळघरात आलं असणार. त्रेचाळीस डबे, प्रोजेक्टर, फिती जोडायचं यंत्र आणि तुझ्या हातची नोंदवही. तुझं ते मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं.

दोन दिवस कादंबरीसारखी वाचली ती वही. 'रीळ नऊ : बेडकाचं हृदय, उत्तम.' 'रीळ बारा : मुख्य इमारतीची रंगरंगोटी, कबुतरांमुळे अर्धवट.' आणि 'रीळ सतरा : पदवीदान, मिरवणूक.' त्याखाली लाल शाईत, 'तुकडा काढून ठेवला, अडतीस सेकंद.' का रे काढलास? कुणी पाहुणा घसरून पडला की काय?

वही घेऊन मी थेट कुलगुरूंकडे गेले. म्हटलं, एक दिवस सभागृह द्या, गावाला गावाच्याच जुन्या फिती दाखवू. साहेब कुणाला दोन मिनिटं देत नाहीत. त्यांनी मला पाऊण तास बसवून घेतलं, पान न् पान उलटलं. शेवटी वही मिटून विचारलं, "तुमचे मामा आहेत ना अजून? तब्येत बरी आहे?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी परिपत्रक. मी एक दिवस मागितला होता, त्यांनी तीन दिले. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचा पहिला चित्रपट महोत्सव. गावात ज्याच्या त्याच्या घरी जी काही जुनी फीत असेल ती ग्रंथालयात जमा करायची. प्रमुख संयोजक कोण? तुझी भाची.

आई असती तर सगळ्या क्वार्टर्सना सांगत सुटली असती. तुझ्या कपाटात काही रिळं पडलेली असतील तर पाठव. आणि उद्घाटनाला तू यायचंसच. प्रोजेक्टर तुझ्याशिवाय कुणाचं ऐकेल असं वाटत नाही.

तुझी,
ठकू


१५ जून

चि. ठकूस,

पत्र पावलं. झाड नव्हे, दाढ होती हे वाचून समाधान.

महोत्सवाचं म्हणशील तर माझं मत नाही. जुन्या फितींचा डबा उघडला की आंबूस वास येतो, तो त्या कुजत असल्याचा. त्यात बघण्यासारखं काही राहिलेलं नसतं. बेडकाचं हृदय बघायला कोण येणार? तू ग्रंथपालाची परीक्षा दे, ते जास्त गरजेचं आहे.

माझ्याकडे एकही रीळ नाही. कुणी विचारलं तर असंच सांग.

ती वही आत्ता कुणाकडे आहे? तुझ्याकडे असेल तर घरी आणून ठेव. साहेबांकडे असेल तर मागू नकोस, विषयही काढू नकोस. लाल शाईचं मला काही आठवत नाही. पडला असेल कुणीतरी.

मी येणार नाही. गुडघे दुखतात.

मामा


२ जुलै

मामा,

तुझं पत्र वाचून मला रागच आला. दर सुट्टीत तुझ्याकडे आले की मला प्रकाश कसा बघायचा ते शिकवलंस आणि आता परीक्षा दे म्हणतोस. तू सोडून गेलेलं काम दुसरं कुणी उचललं की पोटात दुखतं का रे? असो. मी भांडायला बसले नाही. काम इतकं आहे की भांडायलाही फुरसत नाही.

एकसष्ट डबे आले! लग्नं, सहली, कुणाच्या बाळाची पहिली पावलं. दंतवैद्यांनी तर स्वतः केलेल्या शस्त्रक्रियेची फीत दिली आहे, ती कुणी बघावी देव जाणे. नियम असा आहे की आलेला डबा आधी साहेबांच्या बंगल्यावर जातो. ते स्वतः बघतात. 'विद्यापीठाच्या नावाला साजेसं हवं' म्हणतात. आधी मला कौतुक वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या कामात इतका जीव घालतो. पण एक गोष्ट खटकते आहे. बाळं आणि सहली परत येतात. पदवीदानाचं काही असलं की परत येत नाही. विचारलं तर स्वीय सहायक म्हणतो, "खराब निघाली, टाकली." नऊ डबे असे गेले. तुझं रीळ सतराही त्यातच.

वहीसुद्धा बंगल्यावरच आहे.

परवा बाइंडरकाका आले होते. तुला आठवत असतील. फाटकासमोरचं दुकान, आपल्या ग्रंथालयाची सगळी पुस्तकं तेच बांधतात. खळ लागलेल्या हाताने त्यांनी खिशातून एक फोटो काढला. त्यांची धाकटी बहीण. सत्तावीस वर्षांपूर्वी इथेच रसायनशास्त्राला होती, वसतिगृहात राहायची, आणि पदवीदानाच्या दिवशी निघून गेली. सकाळी अकराच्या बसने गेली म्हणतात. साहेब तेव्हा वसतिगृहांचे रेक्टर होते, त्यांनीच तिला बसमध्ये चढताना पाहिलं. पुन्हा पत्र नाही, पत्ता नाही. काका मला म्हणाले, "एवढ्या लोकांच्या फिती येतायत. कुणाच्या मागे, कोपऱ्यात, ती कुठं दिसली तर मला सांगशील? मला फक्त बघायचीय." मी हो म्हटलं. तू तेव्हा इथेच होतास. तुला काही आठवतं का?

आणखी एक. सहायकाने तुझा पत्ता मागितला, निमंत्रण पाठवायला. मी दिला. बघ, तू नाही म्हणालास तरी ते बोलावतायत.

ठकू


१३ जुलै

ठकू,

तुझं पत्र यायच्या आधीच निमंत्रण येऊन गेलं. माणसाच्या रूपाने आलं.

मी डॉक्टरांकडे गेलो होतो. परत आलो तर दाराचं कुलूप जागेवर, पण आत सगळे खण उपसलेले. कॅमेऱ्यांची कपाटं उघडी. गाद्यासुद्धा उसवलेल्या. आणि माझ्या खुर्चीत एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले, जणू मीच त्यांच्या घरी आलोय. उठून नमस्कार केला. म्हणाले, "साहेबांनी विचारलंय, तुम्ही जाळलं म्हणाला होतात, ते नक्की जाळलंत ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "छान. तुमची भाची फार हुशार आहे. क्वार्टरही चांगलं ठेवलंय तिने." आणि गेले. जाताना दार हळूच लोटून घेतलं.

पोरी, आता सांगतो. रागावशील, रागाव. पण पत्र शेवटपर्यंत वाच.

बाइंडरच्या त्या बहिणीने रेक्टरविरुद्ध चौतीस मुलींच्या सह्या गोळा केल्या होत्या. तो मुलींना एकेकटीला बंगल्यावर बोलावतो, अशी तक्रार. पदवीदानाला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांच्या हातात तो कागद द्यायचा, असं तिने ठरवलं होतं. हे वसतिगृहात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे रेक्टरलाही.

मी त्या दिवशी मुख्य इमारतीच्या गच्चीवरून मिरवणूक टिपत होतो. रात्रंदिवस काम करून फीत धुतली, पडद्यावर लावली आणि पाहिलं. मिरवणूक निघायच्या आधीचे अडतीस सेकंद. उजव्या कडेला विद्यापीठाची जीप. मागच्या सीटवर ती, एका बाजूला रेक्टर, दुसऱ्या बाजूला एक शिपाई. वर मनोऱ्याचं घड्याळ, दोनला वीस कमी. आणि तोवर गावभर झालं होतं की ती अकराच्या बसने गेली.

मी मूर्ख. कुणाकडे जावं? रेक्टरकडेच गेलो. म्हटलं, "साहेब, आपली काही चूक होतेय, मुलगी तर दुपारी इथंच होती." त्यांनी मला चहा दिला. म्हणाले, "तेवढा तुकडा जाळून टाका." मग म्हणाले, "तुमच्या बहिणीचं कसं चाललंय? लहान मूल आहे ना पदरात?" तुझे वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तू सहा महिन्यांची. आठ दिवसांत तुझ्या आईला ग्रंथालयात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. तिला वाटलं नशीब उघडलं. मी तिला काही सांगितलं नाही.

तुकडा कापला. वहीत नोंद केली, कारण नोंद न करता फीत कापायची सवय हाताला नव्हती. जाळला मात्र नाही. आणि गाव सोडलं. रोज त्या बाइंडरच्या दुकानावरून जाणं मला झेपेना.

तो तुकडा माझ्याकडे आहे. शर्टाच्या बटणांच्या डब्यात होता. त्या माणसाने तो डबा उघडला, बटणं पाहिली आणि ठेवून दिला.

ठकू, हा महोत्सव तुझ्या हौसेसाठी भरत नाहीये. गळ टाकलाय त्याने. तू अंग काढून घे. आजारी पड, रजा घे, काहीही कर. मी उरलोय किती? पण तुझं सगळं आयुष्य तिथं आहे.

मामा


२२ जुलै

मामा,

आठ दिवस तुला लिहायला हात उचलला नाही.

आई ज्या खुर्चीवर बावीस वर्षं बसली त्याच खुर्चीवर मी बसते. ती गेल्यावर साहेबांनीच मला तिच्या जागी घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "आपण एका कुटुंबातले." मी रडले होते त्या हाताखाली. आता अंघोळ करताना तो खांदा घासत बसते.

आणि बाइंडरकाका! आई आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी येऊन तिला वाचून दाखवायचे. कुणासाठी वाचत होते ते? तू तिकडे गुडघे चोळत बसलास आणि हा माणूस सत्तावीस वर्षं फाटकासमोर दुकान उघडून बसलाय. कारण काय, तर ती परत आली तर बसमधून उतरल्या उतरल्या तिला दुकान दिसावं. हे त्यांनी मला परवा सांगितलं. हसत सांगितलं.

माझ्या आयुष्याची काळजी करू नकोस. ते कशावर उभं आहे ते कळलंय आता.

तुकडा पाठव. माझ्या नावे नको. माझं टपाल हल्ली उघडून येतं. पाकिटाच्या कडेला ओला डिंक असतो. तुझं मागचं पत्र त्यांच्या हातून कसं सुटलं कोण जाणे, कदाचित त्यांनी वाचलंही असेल. म्हणून हे पत्र मी दंतवैद्यांच्या मोलकरणीच्या हाती गावाबाहेरून टाकतेय. पार्सल बाइंडिंगच्या दुकानावर पाठव, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात. असे गठ्ठे त्यांच्याकडे रोज येतात.

काकांना मी अजून काही बोललेले नाही. काय बोलू? आधी ते डोळ्यांनी बघू देत.

ठकू


१ ऑगस्ट

ठकू,

गठ्ठा रवाना केला. हे पत्र तुझ्या नावे न टाकता दंतवैद्यांच्या पत्त्यावर टाकतोय. वरून चौथं मासिक, मधलं पान. फीत आकसली आहे, यंत्रातून ओढू नकोस, चक्राच्या दातांवर हळू बसव. जोड कोरडा व्हायला पूर्ण दिवस दे.

तू मला भित्रा म्हटलं नाहीस. म्हटलं असतंस तरी चाललं असतं.

खालच्या चौकात तो गृहस्थ पुन्हा दिसला. या वेळी नमस्कार केला नाही.

मामा


२६ ऑगस्ट

मामा,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझं मलाच खरं वाटत नाही.

गठ्ठा आला. गावातल्या फोटोग्राफरने त्याच्या अंधाऱ्या खोलीत तुकड्याच्या तीन नकला काढल्या. नकला तीन वेगळ्या घरी ठेवल्या. काढून झाल्यावर तो म्हणाला, "माझी आत्या त्या चौतिसांत होती."

मग प्रश्न होता तो दाखवायचा कसा. बंगल्यावर पास झालेल्या फितीच लागणार होत्या. पण बेडकाचं हृदय साहेबांनी दहा सेकंद बघून परत पाठवलं होतं. त्याच्याच पोटात मी तुझा तुकडा जोडला. दोनदा जोड सुटला.

उद्घाटन सकाळी दहाला. सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत साहेब, पांढऱ्या कपड्यात. बाइंडरकाकांना मी मधल्या वाटेच्या कडेला बसवलं होतं आणि सांगितलं होतं, "काका, आज काही दिसलं तर उठू नका, आधी पूर्ण बघा." ते म्हणाले, "दिसली का गं?" मी मागे प्रोजेक्टरच्या खोलीत गेले.

बेडकाचं हृदय धडधडायला लागलं, पोरं हसली. आणि एकदम गच्ची, ऊन, जीप. आवाज नाही, फक्त यंत्राची टकटक. सुरुवातीला कुणाला काही कळेना. मग मागून एका बाईचा आवाज आला, "अगं, ही तर ती!" त्या चौतिसांतल्या कितीजणी अजून गावातच आहेत, मला माहीतच नव्हतं. कुणीतरी घड्याळ वाचलं, मोठ्याने, "दोनला वीस कमी." मग दुसऱ्याने वाचलं. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं सभागृह ते म्हणायला लागलं.

साहेब उठले नाहीत. मान वळवून मागे, माझ्या खिडकीकडे बघत राहिले. रागाने नव्हे. वहीतली एखादी नोंद वाचावी तसे. मामा, मला भीती वाटली ती तेव्हा. मग त्यांनी हात जरासा उचलला आणि वीज गेली.

अंधारात बाइंडरकाका म्हणाले, "पुन्हा लावा." एवढंच. ओरडून नाही.

दुपारी सभागृहाला कुलूप. मला निलंबनाचं पत्र, क्वार्टर पंधरा दिवसांत सोडायचं. मूळ तुकडा आणि प्रोजेक्टर जप्त. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडरकाकांच्या कागदाच्या गोदामासमोर माणसं उभी. त्यांनी रात्री बसून बाइंडिंगचं कोरं कापड शिवून पडदा केला होता. दंतवैद्यांनी स्वतःचा प्रोजेक्टर आणला. शटर ओढून भर दुपारी खेळ सुरू. आधी ते अडतीस सेकंद, मग लोकांच्या सहली, लग्नं, बाळं. पण आता कुणी मधोमध बघत नव्हतं. नवरा-नवरी सोडून सगळे कडेला बघत होते, मागे कोण उभं आहे, कुठली गाडी आहे. एका लग्नात ती जीप पुन्हा दिसली. एका सहलीत साहेब दिसले, तरुण, एका मुलीच्या पाठीवर हात ठेवलेले. ती मुलगी आज पन्नाशीची, माझ्या शेजारी बसलेली. उठून बाहेर गेली आणि पाणी पिऊन परत आत आली.

तीन दिवसांचा महोत्सव आज अकरावा दिवस चालू आहे. बंद कधी करायचा ते कुणालाच ठरवता येत नाही. डबे येतच आहेत.

पाचव्या दिवशी एक म्हातारा येऊन मागे उभा राहिला. खेळ संपल्यावरही हलेना. म्हणाला, "जीप मी चालवत होतो." कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. काकांनी त्याला स्टूल दिलं. त्याने सांगितलं, जीप वसतिगृहाकडे गेली नाही, जुन्या पंपघराकडे गेली. त्याला तिथून परत पाठवलं. पंपघराच्या मागे विहीर आहे. त्याच वर्षी ती बुजवून वर बाग केली. आपल्या ग्रंथालयाच्या खिडकीतून दिसते ती. आई तिथल्या बाकावर मला घेऊन बसायची.

परवापासून पोलीस खणतायत. साहेब अजून बंगल्यावरच आहेत. रोज सकाळी फिरायला बाहेर पडतात, खड्ड्यापाशी थांबून पोलिसांची चौकशी करतात. काल मला रस्त्यात म्हणाले, "मामांना सांभाळा. त्या वयात प्रवास झेपत नाही."

एक विचारायचं आहे. बाइंडरकाका रोज तो तुकडा बघतात आणि रोज मला हेच विचारतात. अगदी शेवटी, चित्र मिरवणुकीकडे वळायच्या आधी, ती जीपमधून हात वर करते. सरळ कॅमेऱ्याकडे बघून. काका म्हणतात, ती मदतीला बोलावत होती. मी म्हणते, ऊन लागत असेल. मामा, तू तिथं होतास. ती काय करत होती?

ठकू


२ सप्टेंबर

चि. ठकूस,

हे मी जुलैतल्या पत्रात लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही.

दर शुक्रवारी मी पदार्थविज्ञानाच्या व्याख्यानगृहात फुकट खेळ लावायचो, जी मिळेल ती फीत. दहा-बारा पोरं यायची. बाइंडरची बहीण सगळ्यात आधी यायची आणि खिडक्यांना काळे कागद लावू लागायची. रीळ बदलताना दिवा धरायची. एकदा म्हणाली, "सर, आपण हे मोठं करू, सगळ्या गावाला बोलावू, तीन दिवस लावू." मी म्हटलं, "तू पास हो आधी." तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तीन दिवस हे शब्द वाचून मी पत्र पालथं घालून ठेवलं होतं.

त्या दिवशी गच्चीवर मला बघून तिने हात केला. हा तुकडा मी गेल्या सत्तावीस वर्षांत भिंगाखाली शेकडो वेळा पाहिला आहे. ती बोलावत होती की नुसती ओळख देत होती, मला सांगता येत नाही. तोंड उघडं आहे, पण शब्द वाचता येत नाही. मला त्या क्षणी वाटलं, ती टाटा करतेय. साहेबांच्या जीपमधून चाललीय, मजेत आहे.

मीही हात हलवला. हसून. मग कॅमेरा मिरवणुकीकडे वळवला, कारण बँड सुरू झाला होता.

माझा हात फितीत नाही. पोलिसांना तो दिसणार नाही, कोर्टालाही नाही. पण तिच्या भावाला हे माझ्या तोंडून कळायला हवं, त्याच्यासमोर उभं राहून. पत्रातून नको. तूही सांगू नकोस.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतोय. तो गृहस्थ कालपासून समोरच्या बाकावर बसून आहे, म्हणून शेजारच्या मास्तरांना सोबत घेतलंय. दुपारी चारला पोचेन. पोचलो नाही तर हे पत्र पोलिसांना दे.

उतरवून घ्यायला तू येऊ नकोस. बाइंडरला पाठव. येतो का विचार.

मामा